तातडीच्या विभागांतील पाहुणा विद्यार्थी

(ज्युबिली महोत्सवानिमित्त खडकीच्या धर्मग्रामांत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिली समितीनें आजचें व्याख्यान मजकडे सोंपविलें, तेव्हां मी आपल्या धर्मग्रामाचा इतिहास कथन करीन अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु तो इतिहास मजहून अधिक जाणत्या मंडळींनीं लिहून समितीच्या हवालीं केला आहे. त्यांत मी भर ती काय घालणार! मला आज बोलावयाचें आहे तें आपल्या येथें चार आठवडे राहून गेलेल्या एका पाहुणीविषयीं. तिचें नांव मी सांगणार नाहीं. तें तिला रुचणार नाहीं आणि आपणांपैकीं ज्यांनीं तिला पाहिलें आहे, त्यांना तें सांगण्याची गरजही नाहीं.

ही मुलगी मूळची वसईकडची. वैद्यकीय शिक्षणासाठीं ती विदर्भांतील एका सरकारी महाविद्यालयांत असते. पुण्यांतील एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत चार आठवडे शिकण्याची परवानगी तिनें मिळविली आणि राहण्याची सोय कोठें होईल अशी विचारणा करणारें पत्र मला धाडलें. आपल्यांतील एका कुटुंबानें माडीवरची खोली तिला मोकळी करून दिली. सकाळच्या मिस्सेला ती कधीं कामावर जाण्यापूर्वीं येई, तर कधीं रात्रपाळी आटोपून, तारवटलेल्या डोळ्यांनीं, शेवटच्या बांकावर येऊन बसे. तिच्याशीं झालेल्या बोलण्यांतून मला जें कळलें, तें माझ्यापाशींच राहूं नये असें वाटतें.

प्रथम, ही पाहुणचाराची रीत काय आहे तें सांगतों. २०१९ सालीं आपल्या देशांत वैद्यकीय पदवीचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यांत विद्यार्थ्यास स्वतःच्या आवडीचा विषय निवडून शिकतां यावें म्हणून चार-चार आठवड्यांचे दोन खंड राखून ठेविले गेले. पुढें त्या मुदतींत फेरफार झाले, परंतु कल्पना कायम राहिली. परदेशांत तर एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यानें दुसऱ्याच्या रुग्णालयांत महिनाभर जाऊन शिकावें, ही चाल फार दिवसांची आहे. पाहुण्या विद्यार्थ्यास तेथें अधिकार असा कांहींच नसतो. तो औषध लिहून देऊं शकत नाहीं. कोणत्याही दाखल्यावर त्याची सही चालत नाहीं. रुग्णाची हकीकत विचारावी, नाडी पाहावी, आपणांस काय वाटतें तें वडील डॉक्टरांपुढें दोन मिनिटांत मांडावें, त्यांच्या देखरेखीखालीं एखादा टांका घालावा आणि दिवसाअखेर आपल्या नोंदवहींत काय शिकलों तें लिहावें, एवढेंच त्याचें काम. महिना संपला कीं त्यानें पिशवी उचलून निघावें. तो गेल्याचें पुष्कळदां कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

पुण्यास असे विद्यार्थी येतात यांत नवल नाहीं. ससून रुग्णालय १८६७ सालापासून उभें आहे; त्यास जोडलेलें बैरामजी जीजीभाई वैद्यकीय महाविद्यालय १९४६ सालीं आणि सैन्यदलाचें वैद्यकीय महाविद्यालय १९४८ सालीं निघालें. त्यानंतर किती रुग्णालयें झालीं, तीं आपण पाहतच आहां. परंतु ज्या विषयासाठीं ही मुलगी आली, तो विषय मात्र आपल्याकडे अगदीं तरुण आहे. आमच्या लहानपणीं रुग्णालयाच्या पुढच्या दारापाशीं एक खोली असे, तिला सारे ‘कॅज्युअल्टी’ म्हणत. सर्वांत नवशिका डॉक्टर तेथें बसविला जाई. म्हणजे जेथें प्राणांशीं गांठ, तेथेंच अनुभव सर्वांत थोडा! तातडीचें वैद्यक हें स्वतंत्र शास्त्र आहे, त्याला स्वतंत्र शिक्षण हवें, हें अमेरिकेंत १९७९ सालीं रीतसर मान्य झालें. आपल्या देशांत तें २००९ सालीं झालें. यावरून हा विषय आपल्याकडे किती नवा आहे, हें ध्यानांत येईल.

पहिल्या दिवशीं तिला काय काम मिळालें असेल? कांहींच नाहीं. वडील डॉक्टरांनीं तिला दारापाशीं बसणाऱ्या परिचारिकेच्या शेजारीं उभें केलें आणि सांगितलें, “आज तूं केवळ पाहा. कोण आधीं आंत जातो आणि कां, एवढेंच पाहा.” ती पाहूं लागली. एक भारदस्त गृहस्थ मनगट मोडल्यामुळें मोठमोठ्यानें ओरडत होते. बरोबरची चार माणसें आपल्या ओळखी सांगत होतीं. त्यांच्या मागें भिंतीला टेकून एक मजूर उकिडवा बसला होता. तो कांहीं बोलत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, तोंडावर राखेची कळा होती आणि डावा हात त्यानें छातीशीं धरला होता. परिचारिका उठली, गृहस्थांना ओलांडून गेली आणि त्या मजुराला चाकांच्या खुर्चींत घालून आंत घेऊन आली. छातींत दुखणारा माणूस दारांत आला कीं दहा मिनिटांच्या आंत त्याच्या हृदयाचा आलेख निघाला पाहिजे, असा तेथें दंडक आहे. आलेख निघाला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. तो मजूर वांचला. गृहस्थांचें मनगटही अर्थात् बरें झालें. मात्र त्यांना तासभर थांबावें लागलें आणि ते जातांना रागावून गेले.

त्या दारावर रुग्णांना रंग देतात. लाल म्हणजे आतांच्या आतां. पिवळा म्हणजे थोडें थांबूं शकेल. हिरवा म्हणजे स्वतः चालत आला, तो बसेल. आंत गेल्यावरही क्रम ठरलेला असतो. आधीं श्वासाची वाट मोकळी आहे ना तें पाहावयाचें, मग श्वास चालतो ना, मग रक्ताभिसरण. मोडलेलें हाड डोळ्यांना कितीही भयंकर दिसो, त्याची पाळी नंतर. जें डोळ्यांत भरतें तें आधीं नव्हे, ज्यानें प्राण जाईल तें आधीं.

हा क्रम प्रथम रणांगणावर बसला. नेपोलियनच्या सैन्यांत डोमिनिक लारे नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यापूर्वीं लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक जागच्या जागीं पडून राहत, आणि संपल्यावर आधीं सरदारांना उचलीत. लारे यांनीं हलक्या, वेगवान घोडागाड्या काढल्या, लढाई चालू असतांनाच जखमींना उचलूं लागले आणि नियम घातला कीं, ज्याची जखम भारी त्यास आधीं हात लावावा. हुद्दा पाहूं नये, देशही पाहूं नये. १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणावर ते प्रशियनांच्या हातीं सांपडले. त्यांना गोळी घालण्याचें ठरलें होतें. इतक्यांत तेथील एका डॉक्टरानें त्यांना ओळखलें. विद्यार्थी असतांना त्यानें त्यांचीं व्याख्यानें ऐकिलीं होतीं, असें सांगतात. परक्या विद्यार्थ्याला कधीं काळीं दिलेलें ज्ञान अशा रीतीनें गुरूचा जीव वांचवून गेलें.

खडकीकरांना रणांगणाची गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई याच माळावर झाली. १८६९ सालीं येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. आपल्यांतील किती घरांच्या तीन पिढ्या त्याच्या भोंग्यावर उठल्या आणि जेवल्या! पहिल्या महायुद्धांत हातपाय गमावलेल्या शिपायांना धंदा शिकविण्यासाठीं १९१७ सालीं निघालेली क्वीन मेरी संस्था पुढें खडकीसच आली. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालीं लुळे पडलेले जवान येथल्याच पुनर्वसन केंद्रांत चाकांच्या खुर्चीवर बसून नवें आयुष्य शिकतात. जखमी माणूस म्हणजे काय, हें या गांवाला सांगावें लागत नाहीं. परंतु जखम झाल्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतची जी घटका, तिच्यांत काय करावें, हें आपणांस ठाऊक आहे काय? माझ्यापुरतें उत्तर मी पुढें देणार आहें.

तिसऱ्या आठवड्यांतली गोष्ट. रात्रीं दोनच्या सुमारास एका रिक्षावाल्या गृहस्थांना बेशुद्ध अवस्थेंत आणलें. हृदय थांबलें होतें. अशा वेळीं छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहातांनीं दाबावें लागतें. मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें पांच सेंटिमीटर खोल. हें काम इतकें श्रमाचें आहे कीं, दोन मिनिटांत माणूस थकतो व दाब उथळ पडूं लागतो. म्हणून दर दोन मिनिटांनीं हात बदलावयाचे. वडील डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय आणि आपली ही पाहुणी अशी एक रांग लागली. तेथें कोणी मोठें नव्हतें, कोणी लहान नव्हतें; ज्याची पाळी त्याचे हात. चाळीस मिनिटें त्यांनीं प्रयत्न केला. ते गृहस्थ परत आले नाहींत.

बाहेर त्यांची पत्नी बसली होती. वडील डॉक्टरांनीं तिला आडपडदा न ठेवितां स्पष्ट शब्दांत सांगितलें आणि इतक्यांत दुसरा रुग्ण आला म्हणून त्यांना आंत जावें लागलें. जातांना ते हिला म्हणाले, “तूं यांच्यापाशीं बस.” ती बसली. काय बोलावें तें तिला सुचलें नाहीं. त्या बाईनें एकच विचारलें, “घरीं पडले तेव्हां मी धांवत रिक्षा शोधायला गेलें. तेव्हां कांहीं करायला हवं होतं का?” मुलीनें तिचा हात हातांत घेतला आणि पहांटेपर्यंत, तिचा भाऊ येईपर्यंत, ती तेथून उठली नाहीं.

त्या सकाळीं मिस्सा झाल्यावर ती थांबली. मला म्हणाली, “फादर, महिनाभर मी येथें कशाला आलें तेंच कळत नाहीं. मला कांहीं येत नाहीं. तो माणूस वांचला नाहीं. त्या बाईंच्या प्रश्नाला मीं उत्तरही दिलें नाहीं. खरें उत्तर मला माहीत होतें.”

बंधुभगिनींनो, धर्मगुरूला अशा वेळीं सांत्वनाचे चार शब्द सहज सुचतात. तीस वर्षांच्या संवयीनें ते माझ्याही ओठांवर आले होते. ते मीं गिळले आणि तिला माझी एक गोष्ट सांगितली. ती आजवर मीं कोणास सांगितली नव्हती. आज आपणां सर्वांस सांगतों.

त्या वेळीं मी तिशीच्या आंतला सहायक धर्मगुरू होतों. दुसऱ्या एका धर्मग्रामांत माझी नेमणूक होती. आठवड्यांतून एकदां मी फटफटीवरून दूरच्या एका वाडीवर मिस्सेसाठीं जात असें. एके दिवशीं पहांटे रस्त्याच्या कडेला पांचसहा माणसें उभीं दिसलीं. त्यांच्या पायांशीं एक सायकल वांकडी होऊन पडली होती, आणि सायकलीपलीकडे एक माणूस. मीं वेग कमी केला. त्यांतल्या एकानें माझ्या झग्याकडे पाहून हात वर केला. माझ्या मनांत आलें, इतके लोक आहेत. वाडीवर माणसें ताटकळत असतील. थांबून तरी मी काय करणार, मला वैद्यकांतलें काय कळतें. शिवाय पोलीस, पंचनामा, साक्ष. एवढे विचार होईपर्यंत मी पुढें निघून गेलों होतों. परत येतांना तेथें माणसें नव्हतीं, सायकलही नव्हती. तो माणूस जगला कीं मेला, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं. त्या दिवशीं मिस्सा वेळेवर झाली.

यरीहोच्या वाटेवरील जखमी माणसाचा दृष्टांत आपण सर्व जाणतां. त्यांत आधीं कोण जातो आणि पाहून पलीकडून निघून जातो? याजक. त्या दृष्टांतावर मीं कितीतरी प्रवचनें केलीं आहेत. प्रत्येक वेळीं मला ती सायकल दिसते.

ती मुलगी कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “फादर, गर्दी असली म्हणजे कोणीतरी करीत असेल असें प्रत्येकालाच वाटतें. म्हणून आम्हांला शिकवितात कीं, ‘कोणीतरी रुग्णवाहिका बोलवा’ असें कधींही म्हणूं नये. एका माणसाकडे बोट करावें आणि म्हणावें, ‘तुम्ही बोलवा.’” तिनें मला दोष दिला नाहीं आणि माफही केलें नाहीं. केवळ तिला जें ठाऊक होतें तें तिनें मला शिकविलें. त्या सकाळीं ती माझी गुरू झाली.

त्या पहांटे मला जीं भयें वाटलीं, त्यांतील कांहीं आज उरलेलीं नाहींत, हें आपण जाणावें. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्या माणसाच्या रक्षणासाठीं केंद्र सरकारनें २०१५ सालीं नियम काढले; ३० मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना बंधनकारक बळ दिलें; आणि २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. जो सद्भावनेनें जखमीस उचलून नेतो, त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. त्याला आपलें नांव सांगण्याची सक्ती नाहीं. रुग्णालय त्यास अडवून ठेवूं शकत नाहीं. कायद्याच्या भाषेंत अशा माणसाला जें नांव आहे, तें त्या दृष्टांतांतील शोमरोन्यावरूनच पडलें आहे. आणि २०१४ सालापासून आपल्या राज्यांत १०८ हा क्रमांक फिरविला असतां रुग्णवाहिका मिळते. तेव्हां पोलीस, पंचनामा, साक्ष ही माझी सबब आतां कोणास सांगतां येणार नाहीं. ‘मला कांहीं येत नाहीं’ ही एकच सबब उरली. आणि ती घालविणें आपल्या हातीं आहे.

कारण त्या बाईच्या प्रश्नाचें खरें उत्तर हेंच होतें. माणूस कोसळला, हांक मारली तरी ओ देत नाहीं, श्वास नीट चालत नाहीं, असें दिसलें तर दुसऱ्यास १०८ फिरवावयास सांगावें आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आपण छाती दाबीत राहावें. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकें घेऊन जखमेवर घट्ट दाबून धरावें. क्षणाक्षणास उचलून पाहूं नये. तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात लुळा पडला, जीभ अडखळूं लागली, तर ‘झोप झाली कीं उतरेल’ असें म्हणून घरीं ठेवूं नये. मेंदूंतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचें औषध साधारण साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. कोणतेंही शस्त्र लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. पाहुणा विद्यार्थी हें करतो. आपणही करूं शकतों. यानें प्रत्येक जीव वांचेलच असें नाहीं. आपली पाहुणी ज्या रांगेंत उभी होती, त्या रांगेंत सारे कसलेले हात होते, तरी तें हृदय पुन्हां चालूं झालें नाहीं. परंतु घरीं पडल्यापासून त्या दारापर्यंतचीं जीं मिनिटें रिकामीं गेलीं, तीं आपल्या घरांतून तरी रिकामीं जाऊं नयेत.

आतां समितीच्या परवानगीनें तीन सूचना करतों. पहिली ही कीं, ज्युबिलीच्या वर्षापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं या सभागृहांत एक तास हें शिक्षण द्यावें. आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. त्यांतील कांहींजणींनीं शिकविण्याचें कबूलही केलें आहे. सरावासाठीं लागणारा पुतळा ज्युबिली निधींतून घ्यावा. दुसरी सूचना, शिकावयास आलेल्या मुलामुलींसाठीं ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी आहे, त्यांनीं आपलीं नांवें कार्यालयांत द्यावीं. पाहुण्याचा धर्म कोणता, हें विचारण्याचें कारण नाहीं. रात्रपाळीहून येणाऱ्याला गरम भाकरी मिळावी आणि दिवसा निजतां यावें, एवढेंच त्याला हवें असतें.

तिसरी सूचना थोडी कठीण आहे. आपल्या मदतनिधीची यादी आजवर अर्ज ज्या क्रमानें आले त्या क्रमानें चालत आली. आणि खरें बोलावयाचें तर कधीं कधीं ज्याची ओळख मोठी त्याचें नांव वर गेलें. मी स्वतः त्याला अपवाद नाहीं. यापुढें ती यादी त्या दारावरच्या परिचारिकेप्रमाणें लावावी. जो ओरडत आहे त्याचें ऐकूं, पण भिंतीशीं जो मुकाट बसला आहे त्याच्याकडे आधीं जाऊं. कांहीं मंडळी रागावून जातील. जाऊं द्या, त्यांचें मनगट बरें होईल.

ती मुलगी महिना संपतांच विदर्भांत परतली. रुग्णालयांत तिच्या जागीं दुसरा विद्यार्थी आला असेल. जातांना तिनें मला आपल्या नोंदवहींतील शेवटचें पान दाखविलें. ‘काय शिकलें’ या रकान्यांत तिनें लिहिलें होतें : बसून राहणें. तिच्या परीक्षकांना तें पुरेसें वाटेल कीं नाहीं, मला सांगतां येत नाहीं. मला वाटलें.

मीही येथें पाहुणाच आहें. बदलीचें पत्र आलें म्हणजे पिशवी उचलून जावयाचें, ही आम्हां धर्मगुरूंची रीत. जाण्यापूर्वीं एवढें काम उभें राहिलेलें पाहावें, अशी इच्छा आहे. तेव्हां प्रत्येक घरांतून एकानें पुढल्या रविवारीं यावें. ‘कोणीतरी या’ असें मी म्हणत नाहीं. आपल्या पाहुणीनें मला तशी मनाई केली आहे. पहिल्या बांकावरचे काका, तुम्ही या. दाराशीं उभ्या असलेल्या मुलांनो, तुम्हीही या. आणि सर्वांच्या आधीं पुतळ्यापुढें गुडघे टेकून शिकावयास मी बसणार आहें.

 परमेश्वर आपणां सर्वांस आणि आपल्या दारीं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास सुखरूप ठेवो.